परदेशप्रवासात माहितीची राखण

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या लहानशा आदिवासी गावी देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वितरण झाले. १ जुलै १९९८ पर्यंत हा परिसर धुळे जिल्ह्याचाच भाग होता. नागरिकाची ओळख बारा अंकांत सामावण्याच्या प्रयोगास खानदेशच्या मातीत प्रारंभ झाला, ही गोष्ट या भागास भूषणावह आहे. त्यानंतरच्या काळात ओळखपत्र, बँकेचे खाते, सातबाराचा उतारा, मुलांच्या गुणपत्रिका, वीजबिल आणि सोयऱ्याधायऱ्यांचे पत्ते असे सारे काही खिशातील मोबाईलमध्ये येऊन बसले. पूर्वी जे लोखंडी ट्रंकेत कुलूप लावून ठेवले जाई, ते आता माणसाबरोबर हिंडू लागले आहे.

हिंडण्याची कक्षाही वाढली आहे. रावेर-यावल भागातील केळी उत्पादक व व्यापारी निर्यातीच्या निमित्ताने आखाती देशांत जातात. कृषी विभागाच्या अभ्यासदौऱ्यांतून शेतकरी परदेशातील शेती पाहून येतात. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील मुले-मुली वैद्यकीय शिक्षणासाठी रशियासारख्या दूरच्या देशांत राहतात. हज यात्रेस जाणारे वृद्ध यात्रेकरू आहेत, तसेच पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी नेपाळला जाणारे भाविकही आहेत. भुसावळच्या फलाटावर किंवा धुळ्याच्या बसस्थानकावर निरोप घेताना घरची मंडळी पारपत्र, औषधे, पैसे यांची पुनःपुन्हा चौकशी करतात. मोबाईलमध्ये काय काय आहे आणि तो हरवला तर काय करावयाचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि शासकीय सेवक यांच्याकडे गावातील माणसे सल्ल्यासाठी येतात, त्यामुळे हा विषय त्यांच्या विशेष उपयोगाचा आहे.

यंत्र आणि माहिती

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे. मोबाईल किंवा लॅपटॉप हे यंत्र आहे. त्यात साठविलेली माहिती ही वेगळी वस्तू आहे. यंत्र हरवले तर काही हजार रुपयांचे नुकसान होते आणि ते कालांतराने भरून निघते. माहिती परक्याच्या हाती पडली तर खाते रिकामे होऊ शकते, आपल्या नावे दुसऱ्याची फसवणूक होऊ शकते. आणि जी छायाचित्रे वा कागदपत्रे अन्यत्र नसतात ती कायमची जातात.

प्रवासात माहितीवर तीन प्रकारची संकटे येतात. पहिले, ती नष्ट होणे किंवा हरवणे. दुसरे, ती परक्याने पाहणे किंवा चोरणे. तिसरे, ती सुरक्षित असूनही गरजेच्या क्षणी आपल्याला किंवा आपल्या माणसांना न सापडणे. पहिल्या दोन संकटांविषयी पुष्कळ बोलले जाते. तिसऱ्याकडे दुर्लक्ष होते आणि परदेशी आपत्ती ओढवली असता तेच सर्वांत जाचक ठरते. माहिती परक्यांपासून झाकलेली असावी आणि आपल्यांना सापडणारी असावी, या दोन्ही अंगांनी केलेली राखण हीच खरी सुरक्षितता होय.

निघण्यापूर्वीची तयारी

राखणीचे तीन-चतुर्थांश काम घरीच होते. त्यातील पहिला नियम साधा आहे: जे लागणार नाही ते नेऊ नये. समजा, एखादे शिक्षक उन्हाळी सुट्टीत मुलीकडे परदेशी निघाले आहेत. त्यांच्या मोबाईलमध्ये वर्गातील मुलांच्या आधार क्रमांकांची यादी, पालकांचे बँक तपशील, शिष्यवृत्तीचे अर्ज असे बरेच काही साठलेले असते. आणि ते आहे याची त्यांना आठवणही नसते. या माहितीचे प्रवासात काहीच काम नाही. ती शाळेच्या संगणकावर सुरक्षित ठेवून मोबाईलमधून काढून टाकावी. काढून टाकलेल्या फाइली बहुधा कचरापेटीच्या कप्प्यात काही दिवस राहतात, तो कप्पाही रिकामा करावा. शेतकऱ्याने घरच्या सर्व खात्यांची पासबुके, व्यापाऱ्याने जुन्या गिऱ्हाइकांचे हिशेब बरोबर नेण्याचे कारण नाही. जे बरोबर नाही ते चोरीस जाऊ शकत नाही.

दुसरा नियम प्रतीचा. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या सोपानदेव चौधरी व घरच्या आप्तांनी कागदावर उतरवून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रत केली नसती तर महाराष्ट्र एका मोठ्या ठेव्यास मुकला असता. एकाच ठिकाणी असलेली वस्तू ही गेल्यातच जमा समजावी, हा त्यातील धडा मोबाईलमधील छायाचित्रांस आणि प्रबंधाच्या मसुद्यासही लागू पडतो. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व महत्त्वाच्या माहितीचा बॅकअप घ्यावा आणि ती प्रत घरी ठेवावी. प्रत असलेला पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्याच पिशवीत ठेवणे म्हणजे किल्ली कुलपालाच बांधून ठेवण्यासारखे आहे.

तिसरा नियम कुलपाचा. मोबाईलला किमान सहा अंकी कुलूप असावे. जन्मसाल, वाहनाचा क्रमांक किंवा एकच अंक सहा वेळा असे ते नसावे. आधुनिक मोबाईलमध्ये कुलूप लावले की आतील माहिती सांकेतिक रूपात साठविली जाते आणि कुलूप उघडल्याशिवाय ती वाचता येत नाही. लॅपटॉपची गोष्ट वेगळी आहे. सुरू करतानाचा पासवर्ड असला तरी आतील तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडल्यास माहिती वाचता येऊ शकते. यास्तव विंडोज संगणकात बिटलॉकर आणि ॲपलच्या संगणकात फाइलव्हॉल्ट ही सांकेतिकीकरणाची सोय चालू आहे किंवा नाही, हे निघण्यापूर्वी तपासावे. तिची आणीबाणीची किल्ली कागदावर लिहून घरी ठेवावी. मोबाईल व संगणकातील आज्ञावल्या अद्ययावत करण्याचे कामही घरच्या इंटरनेटवरच उरकून घ्यावे.

चौथा नियम बँकेच्या व्यवहाराविषयी आहे आणि त्यातच बहुतेकांची गफलत होते. परदेशी उतरताच स्वस्त स्थानिक सिमकार्ड घेऊन भारतीय सिमकार्ड काढून पाकिटात टाकण्याची पद्धत आहे. परंतु बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो. ते सिमकार्ड बंद राहिले किंवा हरवले तर स्वतःच्याच खात्याचे दार आपल्याला बंद होते. दोन सिमकार्डांचा मोबाईल असल्यास भारतीय सिमकार्ड जागेवरच ठेवावे, त्याचे इंटरनेट बंद करावे आणि संदेश मिळण्यापुरते रोमिंग निघण्यापूर्वी चालू करून घ्यावे. सिमकार्डालाही स्वतंत्र पिन लावता येतो. मोबाईल चोरीस गेल्यावर चोराने ते सिमकार्ड दुसऱ्या मोबाईलमध्ये घालून ओटीपी मिळवू नये, यासाठी हा पिन फार उपयोगी पडतो. मात्र तो नीट लक्षात ठेवावा, कारण तीनदा चुकल्यास सिमकार्ड अडते.

डेबिट व क्रेडिट कार्डांच्या परदेशातील वापराची मुभा ग्राहकाला स्वतः चालू-बंद करता यावी, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये केली. एकाच कार्डावर ही मुभा चालू करावी, तिची मर्यादा बेताची ठेवावी आणि परतल्यावर ती बंद करावी. घरची मुख्य ठेव ज्या खात्यात आहे त्याचे कार्ड प्रवासात नसावे हे उत्तम. परदेशात आधार कार्डाचे सहसा काम पडत नाही. तेथे ओळख पटते ती पारपत्रावरून. यास्तव आधार कार्ड घरी ठेवावे आणि आधारच्या बायोमेट्रिक माहितीला कुलूप लावण्याची जी सोय आहे, तिचा निघण्यापूर्वी लाभ घ्यावा. कोठे प्रत द्यावीच लागली तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी.

शेवटी मोबाईलवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही कळांची जुळणी दाबावी. पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो कागदावर लिहून घ्यावा. हरवलेल्या मोबाईलची पोलिसांत तक्रार करताना तोच क्रमांक विचारला जातो आणि तोपर्यंत मोबाईल हातचा गेलेला असतो.

वाटेत आणि विमानतळावर

जळगावहून मुंबईस रेल्वेने आणि तेथून विमानाने, या लांबच्या प्रवासात मोबाईलची बॅटरी संपत येते आणि माणूस दिसेल त्या चार्जिंगच्या खुंटीकडे धावतो. सार्वजनिक ठिकाणच्या यूएसबी खुंटीतून विजेबरोबर माहितीचीही देवाणघेवाण होऊ शकते. तिचा दुरुपयोग करता येतो, याकडे जाणकारांनी २०११ पासून लक्ष वेधले आहे. असे प्रकार वारंवार घडल्याचा पुरावा नसला तरी उपाय इतका सोपा आहे की तो न करण्याचे कारण नाही. स्वतःचा चार्जर भिंतीतील विजेच्या खुंटीस लावावा किंवा स्वतःची पॉवर बँक बाळगावी. पॉवर बँक मोठ्या सामानात ठेवण्यास विमान वाहतुकीत मनाई असते. ती हातातील पिशवीतच असावी आणि शंभर वॉट-तास, म्हणजे साधारण २७,००० एमएएच, यापेक्षा मोठी नसावी.

सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर मोबाईल, लॅपटॉप आणि पाकीट ट्रेमध्ये ठेवून आपण पुढे जातो आणि गर्दीत सामान आपल्या आधी पलीकडे पोहोचते. आपली अंगझडती होण्याची पाळी जवळ आल्यावरच ट्रे पट्ट्यावर सरकवावा. कुटुंब बरोबर असल्यास एकाने आधी पलीकडे जाऊन सामानाजवळ उभे राहावे.

यंत्रे नेहमी आपल्या हाताशी ठेवावीत हा नियम खरा. परंतु तो पाळणे दर वेळी आपल्या हाती नसते. २१ मार्च २०१७ रोजी अमेरिकेने दुबई, अबुधाबी, दोहा यांसह दहा विमानतळांवरून थेट येणाऱ्या प्रवाशांना मोबाईलपेक्षा मोठे कोणतेही विद्युत् उपकरण विमानात जवळ ठेवण्यास बंदी केली. लॅपटॉप मोठ्या सामानात टाकणे भाग पडले. आखातमार्गे अमेरिकेस जाणाऱ्या भारतीयांनाही त्याची झळ पोहोचली. ही बंदी जुलै २०१७ पर्यंत क्रमाक्रमाने उठली. नियम एका दिवसात बदलू शकतात आणि यंत्र नजरेआड करावे लागू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. घरी प्रत ठेवलेली असेल आणि यंत्रातील माहिती सांकेतिक असेल, तर अशा वेळी चिंता यंत्राच्या किमतीपुरतीच उरते.

परक्या देशाचा कायदा

आपल्याकडे जे सहज चालते ते परक्या देशात गुन्हा ठरू शकते. अमेरिकेच्या सीमेवरील अधिकाऱ्यांना प्रवाशाचे मोबाईल व संगणक तपासता येतात; परदेशी नागरिकाने सहकार्य न केल्यास त्याला प्रवेश नाकारला जाऊ शकतो. व्हिसाच्या अर्जातच समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे देण्याची सक्ती तेथे २०१९ पासून झाली. न्यूझीलंडने २०१८ च्या सीमाशुल्क कायद्यान्वये, मागितला असता पासवर्ड न देणाऱ्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली. अशा ठिकाणी अधिकाऱ्यांशी हुज्जत घालू नये आणि खोटेही सांगू नये. खाजगी वा कार्यालयीन गोष्टी मुळातच बरोबर नसणे, हा पहिला नियमच येथे उपयोगी पडतो.

संयुक्त अरब अमिरातीत परवानगीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र काढणे किंवा ते पसरविणे हा २०२१ च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा आहे. व्हीपीएनचा वापर करून बेकायदा कृत्य करणे वा ते लपविणे यासही तेथे कठोर शिक्षा आहे. व्हॉट्सॲपवरून बोलण्याची सोय तेथे सर्वसाधारणपणे बंद ठेवलेली असल्याने, कोणी तरी सांगतो म्हणून अनोळखी ॲप उतरवून घेण्याचा मोह होतो आणि माणूस दुहेरी अडचणीत येतो. चीनमध्ये गूगल व व्हॉट्सॲप चालत नाहीत. ज्यांची सारी कागदपत्रे गूगलच्या साठ्यात आहेत, त्यांना तेथे उतरल्यावर हॉटेलचा पत्ताही सापडत नाही. यास्तव आवश्यक कागद छापील स्वरूपात बरोबर असावेत आणि ज्या देशात जावयाचे तेथील नियम आधीच विचारून घ्यावेत.

मुक्कामाच्या ठिकाणी

हॉटेल, उपाहारगृह व विमानतळ येथील मोफत वाय-फाय ही धर्मशाळा आहे. तेथे शेजारी कोण उतरला आहे हे कळत नाही. २०१४ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा संस्थेने ‘डार्कहोटेल’ नावाची टोळी उजेडात आणली. आशियातील उंची हॉटेलांच्या वाय-फायमध्ये शिरकाव करून ही टोळी विशिष्ट पाहुण्यांच्या संगणकावर खोट्या ‘अद्ययावतीकरणा’ची सूचना पाठवी, पाहुण्याने ती मान्य केली की हेरगिरीची आज्ञावली संगणकात शिरे. परक्या वाय-फायवर असताना काहीही उतरवून घेण्याची सूचना आल्यास ती नाकारावी, हा त्यातून घ्यावयाचा बोध. बँकेचे काम मोबाईलच्या स्वतःच्या इंटरनेटवर करावे.

हॉटेलच्या दिवाणखान्यातील किंवा सायबर कॅफेतील संगणकावर स्वतःचे ईमेल उघडणे हा त्याहून मोठा धोका होय. समजा, केळीचा एखादा निर्यातदार दुबईत अशा संगणकावर पत्रव्यवहार पाहतो आणि त्याचा पासवर्ड तेथे टिपला जातो. भामटा लगेच काही करीत नाही. तो पत्रव्यवहार वाचीत बसतो. माल जहाजावर चढल्यावर तो निर्यातदाराच्याच नावाने ग्राहकाला कळवितो, ‘आमचे खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी.’ रक्कम जाते आणि हंगामाच्या कमाईवर पाणी पडते. यावर दोन उपाय आहेत. परक्या संगणकावर कधीही लॉगिन करू नये, हा एक. खाते बदलल्याची सूचना फोनवर आवाज ओळखून पडताळल्याशिवाय मानू नये, असे ग्राहकाशी आधीच ठरवून घ्यावे, हा दुसरा.

प्रवासाची छायाचित्रे त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकण्याची हौस आवरावी. सहकुटुंब परदेशी असल्याची बातमी म्हणजे घराला कुलूप असल्याचीही बातमी असते. विमानाच्या तिकिटाचे आणि पारपत्राचे छायाचित्र तर कधीच टाकू नये. बोर्डिंग पासवरील पट्टी व आरक्षण क्रमांक यांवरून प्रवाशाची पुष्कळ माहिती काढता येते.

शासकीय सेवकांची जबाबदारी

शासकीय सेवकाच्या मोबाईलमधील माहिती सर्वस्वी त्याची नसते. लाभार्थ्यांच्या याद्या, निविदांचे तपशील, विद्यार्थ्यांच्या नोंदी ही जनतेने विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आणि महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांनी अनधिकृतपणे माहिती देण्यास पूर्वीपासूनच मनाई केली आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. माहिती निष्काळजीपणे गमावणे हे ती देऊन टाकण्याइतकेच घातक असते. अभ्यासदौऱ्यासाठी जाणाऱ्याने शक्यतो वेगळा, कोरा मोबाईल वा लॅपटॉप न्यावा आणि त्यात दौऱ्यापुरतेच कागद ठेवावेत.

मोठ्या संस्थांचेही दार बहुधा माणसाच्या चुकीमुळेच उघडते. १९४५ मध्ये अमळनेर येथे वनस्पती तेलाच्या कारखान्यापासून सुरू झालेली विप्रो ही कंपनी पुढे माहिती तंत्रज्ञानात जगभर पोहोचली. तिच्या काही कर्मचाऱ्यांची खाती फसव्या ईमेलमुळे बाधित झाल्याचे एप्रिल २०१९ मध्ये तिने मान्य केले. संगणक हाच ज्यांचा व्यवसाय त्यांच्याही बाबतीत असे घडते, तर प्रवासात थकलेल्या, घाईत असलेल्या माणसाने ‘आपले तिकीट रद्द झाले आहे, येथे दाबा’ अशा संदेशापुढे किती सावध असावयास हवे, हे उघड आहे.

मोबाईल हरवल्यास

इतके करूनही मोबाईल हरवलाच, तर कोणत्या क्रमाने काय करावयाचे हे आधी ठाऊक असावे.

१. बँकेस कळवून कार्ड, यूपीआय व नेट बँकिंग बंद करावे. १८०० ने सुरू होणारे मोफत क्रमांक परदेशातून अनेकदा लागत नाहीत. परदेशातून लागणारा बँकेचा क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवावा.

२. घरी कळवावे. घरच्या माणसाने भारतातील मोबाईल कंपनीस सांगून सिमकार्ड बंद करवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

३. दुसऱ्या विश्वासू यंत्रावरून मोबाईल दूरवरून बंद करावा किंवा पुसून टाकावा. त्यासाठी गूगल वा ॲपलच्या खात्यात शिरावे लागते आणि त्याचा संकेत बहुधा हरवलेल्या मोबाईलवरच येतो! यावर उपाय म्हणून गूगलकडून मिळणारे राखीव संकेतांक आधी छापून पाकिटात ठेवावेत.

४. स्थानिक पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्यावी. पारपत्रही गेले असल्यास ती प्रत घेऊन भारतीय दूतावास गाठावा. तेथून स्वदेशी परतण्यासाठी आणीबाणीचे प्रमाणपत्र मिळू शकते.

येथे वेळेला मोल आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी घालून दिलेल्या नियमांचा गाभा असा होता की, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना तिऱ्हाइताने केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भुर्दंड पडू नये. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असल्यास मात्र कळविण्यापूर्वीचे नुकसान त्याचे. ‘घरी गेल्यावर पाहू’ ही वृत्ती म्हणूनच महाग पडते.

आपत्तीच्या वेळी

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थी तेथे होते आणि त्यांत महाराष्ट्रातील मुलेमुलीही पुष्कळ होती. हवाई मार्ग बंद झाला. २ मार्च रोजी भारतीय दूतावासाने खारकिव्ह शहर ताबडतोब, वाहन न मिळाल्यास पायी, सोडण्याची सूचना दिली. ती समाजमाध्यमांवरून देण्यात आली होती. ज्याचा मोबाईल चालू होता त्यालाच ती वेळेवर कळणार होती. ‘ऑपरेशन गंगा’ मोहिमेच्या काळात सुमारे साडेबावीस हजार भारतीय मायदेशी परतले. कडाक्याच्या थंडीत सीमेवर उभ्या असलेल्या त्या मुलांना मोबाईल, त्याची बॅटरी आणि पारपत्र या तीन गोष्टींचे मोल जसे कळले तसे ते कोणत्याही व्याख्यानाने कळले नसते.

त्यानंतरची दोन दुःखे खानदेशच्या घरातली आहेत. जून २०२४ मध्ये रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे वोल्खोव्ह नदीत बुडून जळगाव जिल्ह्यातील वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अंत झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी नेपाळमध्ये तनहूँ जिल्ह्यात यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली. मृत्युमुखी पडलेले भाविक प्रामुख्याने जळगाव जिल्ह्यातील होते. अशा वेळी गावाकडे जो आकांत होतो त्यात पहिला प्रश्न असतो तो माहितीचा. बरोबर कोण कोण होते, पारपत्राचा क्रमांक काय, तेथील वसतिगृहाचा किंवा यात्रा कंपनीचा दूरध्वनी कोणता, विमा कोणाकडे उतरविला होता? ही सारी माहिती एका मोबाईलमध्ये बंदिस्त असेल आणि तो मोबाईलच पाण्यात गेला असेल, तर ते कुलूप कितीही भक्कम असून काय उपयोग?

म्हणून प्रत्येक प्रवाशाने निघण्यापूर्वी एक पाकीट तयार करावे. त्यात पारपत्र व व्हिसा यांच्या प्रती, प्रवासाचा कार्यक्रम, मुक्कामाचे पत्ते, सहप्रवाशांची नावे व दूरध्वनी, विम्याचा क्रमांक, रक्तगट व औषधे, मोबाईलचा आयएमईआय क्रमांक, बँकेचा व भारतीय दूतावासाचा दूरध्वनी इतके असावे. खात्यांचे पासवर्ड त्यात लिहू नयेत. पाकीट बंद करून घरातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावे. परदेशी दीर्घकाळ राहणाऱ्या विद्यार्थ्याने तेथील भारतीय दूतावासाकडे आपली नोंद करावी. परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘मदद’ या संकेतस्थळाची माहिती त्याच्या पालकांना करून द्यावी. हज यात्रेकरूंसाठी भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये ‘हज सुविधा’ हे ॲप सुरू केले. वृद्ध यात्रेकरूंना ते चालविण्याचा सराव घरीच करून द्यावा आणि तरीही त्यांच्या गळ्यातील पिशवीत नाव व संपर्काची छापील चिठ्ठी ठेवावी. बॅटरी संपली तरी कागद वाचता येतो.

परतल्यावर

घरी आल्यावर प्रवासात वापरलेले पासवर्ड बदलावेत, उतरवून घेतलेली तात्पुरती ॲप काढून टाकावीत, परदेशी वाय-फायची नावे मोबाईलमधून पुसावीत आणि कार्डाची परदेशातील मुभा बंद करावी. महिनाभर बँकेच्या उताऱ्यावर नजर ठेवावी. आधारची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद ठेवूनही व्यवहार करता येतात. लागेल तेव्हा ती तात्पुरती उघडावी. कार्यालयीन यंत्र नेले असल्यास कार्यालयाच्या संगणकांना जोडण्यापूर्वी ते जाणकारांकडून तपासून घ्यावे.

ग्रामपंचायती व शाळांनी काय करावे

या कामास मोठा निधी लागत नाही. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांची व यात्रेकरूंची तासाभराची बैठक ग्रामपंचायत कार्यालयात किंवा शाळेत घेता येईल. महाविद्यालयातील दोन-तीन जाणते विद्यार्थी मोबाईलचे कुलूप, बॅकअप व सिमकार्डाचा पिन या गोष्टी प्रत्यक्ष करून दाखवू शकतील. निघणाऱ्याची इच्छा असल्यास घरच्या पाकिटाची दुसरी बंद प्रत मुख्याध्यापकांच्या कपाटातही ठेवता येईल.

केळीच्या बागेला किंवा कपाशीच्या शेताला राखण लागते हे खानदेशच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. कुंपण कोठे घालावे आणि आपल्या माणसांना जाण्या-येण्यासाठी फाटक कोठे ठेवावे, हे तो जाणतो. माहितीच्या राखणीचे तत्त्व याहून निराळे नाही. आपल्या गावातून परदेशी निघालेल्या पुढच्या माणसाला निरोप देताना औषधे व पैसे यांबरोबरच ‘पाकीट घरी दिलेस का?’ एवढा एक प्रश्न प्रत्येकाने विचारला, तरी या लेखाचे सार्थक होईल.